काळी चारमधलं गाणं

रेकॉर्ड कंपनीत जुन्या टेपा दुरुस्त करणाऱ्या टेपवाल्या बाईंनी बटण दाबलं आणि पहिल्या ओळीलाच धाकटी खुर्चीत पुढे सरकली.

गाणं तेच होतं, तिच्या थोरल्या बहिणीचं. या एका गाण्याने ताईला घराघरांत नेलं, लोकांनी तिचं नाव ‘पाखरू’ ठेवलं, आणि याच गाण्यापायी पस्तिशीत तिचा गळा कायमचा गेला. धाकटीने ते अकॉर्डियनवर किती वेळा वाजवलं याला गणती नाही. झोपेतून उठवलं असतं तरी वाजवलं असतं. पण ती वाजवत आली ते काळी पाचमध्ये, कारण रेकॉर्डवर ते काळी पाचमध्ये होतं. आणि इथे, कंपनीच्या गोदामातून निघालेल्या मूळ टेपवर, ताई निवांतपणे खालच्या काळी चारमध्ये गात होती. पियानो असो की अकॉर्डियन, या दोन काळ्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात, मधे एकच पांढरी. बोटाला ते अंतर काहीच नाही. गळ्याला मात्र वरचे सूर लावताना ते जिवावर येतं.

“तुमच्या मशीनचा वेग चुकलाय,” धाकटी म्हणाली.

“मलाही आधी तसंच वाटलं.” बाईंना सर्दी झाली होती. मशीनसाठी ती खोली बारा महिने गार ठेवावी लागे आणि त्याची किंमत बाईंचं नाक मोजत होतं. “टेप इतकी चिकटली होती की भट्टीत मंद शेकवून सोडवावी लागली. म्हटलं, त्यात काही बिघडलं असेल. पण सुरुवात ऐका. त्या स्टुडिओची एक पद्धत होती.”

त्यांनी टेप मागे नेली. आधी पियानोची एकच पट्टी वाजली, लांबलचक, आणि एक पुरुष कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, “पांढरी सहा.” बस, एवढंच. पुढेमागे कुणीही ही टेप कुठल्याही मशीनवर लावली, तर आधी हा सूर जुळवून घ्यावा आणि मग गाणं ऐकावं, म्हणून केलेली ती सोय होती. बाईंनी सूर मोजणाऱ्या यंत्रावरच्या काट्याकडे बोट दाखवलं. पांढरी सहा बरोबर पांढरी सहावर होती. म्हणजे वेग ठीक होता, आणि गाणं काळी चारमधलंच होतं.

“मग रेकॉर्ड?”

“रेकॉर्ड काढताना पळवलंय. चार मिनिटांचं गाणं पंचवीस सेकंद लवकर संपवलं. गाणं लांब असलं की तबकडीवर खाचा दाटीने कोराव्या लागतात, मग आवाज लहान होतो. आणि दुकानात काय, रेडिओवर काय, ज्या रेकॉर्डचा आवाज मोठा तीच खपायची. शिवाय पळवलं की आवाज कोवळा होतो. एकोणीस वर्षांची मुलगी चौदाची वाटायला लागते. त्या काळी सर्रास करायचे.” बाईंनी नाक पुसलं. “तुमच्या ताईंना ठाऊक असेलच म्हणा. गाणाऱ्याला आपली पट्टी अंगातून कळते.”

“हो,” धाकटी म्हणाली. “ती म्हणायची.”

म्हणायची म्हणजे काय, डोकं खायची. रेकॉर्ड बाजारात आली, बघता बघता हातोहात खपली आणि कार्यक्रमांची बोलावणी सुरू झाली. धाकटीने घरच्या ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावली, पट्टी शोधली आणि तीच धरली. पहिल्या कार्यक्रमाहून परत आल्यावर ताई चपला न काढता पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, “मी इतकं वर गायले नव्हते गं.”

“मग रेकॉर्डवर कोण गातंय? मी?” धाकटी म्हणाली, आणि घरातले सगळे हसले.

झालं, तिथून ते जे सुरू झालं ते कायमचंच. ताई बिचारी कानावर शिकलेली. पट्ट्यांची नावं तिला त्या वेळी येतही नव्हती. स्टुडिओत तिला काचेच्या खोलीत उभं केलं, कंपनीच्या पियानोवाल्याने सूर दिला, तिने तो उचलला आणि गायली. धाकटी त्या दिवशी तापाने फणफणून घरी पडली होती. त्यामुळे ताईच्या बाजूने बोलायला होती ती फक्त ताईची आठवण, आणि विरुद्ध बाजूला होती कपाटातली काळी कुळकुळीत रेकॉर्ड, कधीही लावा आणि ऐका. बाबांनी रेकॉर्डचं ऐकलं, कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी रेकॉर्डचं ऐकलं. कंपनीचे साहेब तर म्हणाले, एकदा गायलं ते पुन्हा गाता येतं, थोडी मेहनत पाहिजे. तबकडी कशी पळवली हे त्या साहेबांना ठाऊक नव्हतं असं मानायला आपण काही कुक्कुलं बाळ नाही.

“पांढरी सहा तरी घे,” ताई पडद्यामागे विनवायची. “मधली. कुणाला कळणार आहे?”

“सगळ्यांना कळेल,” धाकटी सांगायची. “लोक रेकॉर्ड ऐकून येतात. खालून गायलीस तर म्हणतील, पाखरू थकलं.” पाखराचं वय तेव्हा तेवीस.

आणि मग पडदा वर जायचा, धाकटी अकॉर्डियनचा भाता उघडायची आणि काळी पाच दाबायची. एकदा सूर दिला की गाणाऱ्याला पळून जायला जागा नसते. समोर भरलेलं सभागृह असतं. ताई गायची, मानेच्या शिरा टरारून फुगायच्या, लोक टाळ्या वाजवायचे. घरी आल्यावर ती खुणांनी बोलायची.

पुढे कॅसेटचे दिवस आले. रेकॉर्ड मोठ्या घरांत असायची, कॅसेट कुणाच्याही घरात शिरली. गाणं भाजीच्या गाड्यावर वाजू लागलं, शिंप्याच्या दुकानात वाजू लागलं. आवाज घोगरा, मागे सतत सूंसूं, पण खप असा की कंपनीला छापता पुरे पडेना. बहिणींच्या स्वयंपाकघरातही एक छोटा टेपरेकॉर्डर आला, बॅटरीवर चालणारा. त्याची बॅटरी उतरायला लागली की गाणं हळूहळू जड व्हायचं, खाली यायचं. अशा वेळी ताई हातातलं काम टाकून उभी राहायची.

“हे बघ,” ती म्हणायची. “हे असं. अगदी इथे गायले होते मी.”

धाकटी उठून बॅटऱ्या बदलायची.

खरं सांगायचं तर धाकटीच्या कानाला एक गोष्ट पहिल्यापासून टोचत होती. रेकॉर्डचा सूर काळी पाचवर नेमका बसत नसे. केसभर खाली राही. स्टुडिओतला पियानो दर आठवड्याला जुळवला जायचा, मग त्याच्यावर झालेलं गाणं दोन पट्ट्यांच्या अधेमधे कसं लोंबकळेल, हा प्रश्न कुठल्याही वाजवणाऱ्याला पडायला हवा. धाकटीलाही पडला होता. तिने त्यावर उपाय काढला: ग्रामोफोनचा वेगाचा खटका जरासा पुढे सरकवला आणि तो हलू नये म्हणून खाली जाड कागदाची घडी खुपसली. रेकॉर्ड अकॉर्डियनशी जुळली. ताईचा सकाळचा रियाज पुढे कैक वर्षं त्या घडीवर चालला, म्हणजे कंपनीने चढवलं होतं त्यावर धाकटीने आणखी केसभर चढवलं.

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं तेव्हा स्वरतंतूंवर गाठी होत्या. पहिल्यांदा विश्रांती सांगितली. विश्रांती घेतली असती तर बाबांचं आजारपण, धाकटीच्या शिकवण्यांची तुटपुंजी मिळकत, घरभाडं, सगळंच उघडं पडलं असतं. त्यामुळे कार्यक्रम झाले. मग शस्त्रक्रिया झाली, आणि शुद्धीवर आल्यावर ताईच्या तोंडून जो आवाज निघाला तो जाड कागद चुरगाळल्यासारखा होता. तो तसाच राहिला. लोक हळहळले, म्हणाले, देवाने दिलं आणि देवानेच नेलं. धाकटीही तेच म्हणायला शिकली. त्यात सगळ्यांचीच सोय होती.

सीडी आली तेव्हा तर ताईचा उरलासुरला दावाही निकालात निघाला. सीडी बॅटरी उतरली म्हणून हळू होत नाही. ती वाजते तर नेमकी वाजते, नाही तर बंद पडते. सूंसूं नाही, खरखर नाही, स्वच्छ आवाजात पुन्हा तीच काळी पाच. ताईने ती एकदा ऐकली आणि म्हणाली, “असेन गं मी गायले. तरुणपणी माणूस काहीही करतं. उगाच तुला छळलं मी तेव्हा.”

धाकटीने सीडी कपाटात ठेवून दिली. तिला त्या वेळी बरं वाटलं होतं.

एवढं सगळं टेपवाल्या बाईंना सांगण्यात अर्थ नव्हता. बाई आपल्या कामात खूश होत्या. अलीकडे कुणा पोराटोरांनी गाणं आणखी पळवून, त्यावर नाचून फोनवर टाकलं होतं, आणि ते लाखांनी पाहिलं जात होतं. त्या चिरचिऱ्या आवाजात ताई आता सात वर्षांची वाटायची. कंपनीच्या नव्या मालकांना जाग आली ती त्यामुळे. त्यांना वाटलं, लोक ऐकतायत तोवर मूळ टेपवरून चांगल्या दर्जाचं गाणं बाजारात आणावं.

“मी साहेबांना पटवलंय,” बाई म्हणाल्या. “खऱ्या वेगाचं गाणं बाहेर काढायचं. ताईंना ऐकवायला मी घरी येते.”

“सध्या नको,” धाकटी म्हणाली. “तिची तब्येत नरम आहे.”

तब्येत ठणठणीत होती. धाकटी घरी आली तेव्हा ताई खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. “कशाला बोलावलं होतं?” तिने विचारलं. “टेप सापडली जुनी,” धाकटी म्हणाली, “साफ करतायत,” आणि भाजी चिरायला बसली. पुढचे काही दिवस तिने बाईंचे फोन उचलले नाहीत. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. ताई सत्तरीला टेकलेली. आता हे समजून तिला काय मिळणार, झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं ती स्वतःला समजावायची. पण भीती वेगळीच होती. दोघी बहिणींनी उभा जन्म एका घरात काढला होता, लग्नं केली नव्हती, तिसरं माणूस नव्हतं. ताईने एकदा, फक्त एकदा, वेगळ्या नजरेने पाहिलं असतं तर धाकटीला तोंड लपवायला दुसरं घरही नव्हतं.

आणि अशा गोष्टी कशा फुटतात, तर अगदी साध्या कारणाने. धाकटी अंघोळीला गेली होती, फोन वाजला आणि ताईने तो उचलला. तिचा आवाज ऐकून लोक बहुतेक वेळा चुकीचा नंबर म्हणून ठेवून देत. टेपवाल्या बाईंनी ठेवला नाही. त्यांना वाटलं, घरात सगळं बोलणं झालेलं आहे. त्यांनी अभिनंदन केलं, पांढरी सहाची गोष्ट सांगितली आणि गाणंच लावलं.

धाकटी केस पुसत बाहेर आली तर ताई फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसली होती. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही.

“बॅटरी उतरल्यावर वाजायचं ना,” ती म्हणाली, “तसं आहे.”

“हो.”

“तुला ठाऊक होतं?”

“परवा ऐकवलं मला. सांगणार होते.”

ताईने मान डोलावली. धाकटी उभीच राहिली. आता येईल, आता येईल, म्हणून तिने अंग चोरून घेतलं. पण ताई उठली, आरशाशी गेली आणि केस विंचरायला लागली. “चांगला आवाज होता गं माझा,” ती म्हणाली. “भरलेला. मला वाटायचं, माझ्याच मनाचे खेळ.”

त्या दिवसापासून ताईला भरतं आलं. कंपनीने फोटो मागितला तर तिने कपाट उपसलं. खालच्या शिंप्याला जिन्यात गाठून तिने त्या फाटक्या आवाजात सांगितलं, की माझं खरं गाणं येतंय, ऐका. रात्री जेवताना ती मधेच थांबायची आणि म्हणायची, “मी सांगत होते, नाही?” त्यात टोमणा नसायचा. सांगत होते आणि खरं निघालं, एवढाच आनंद. ताई भांडली असती, ताट भिरकावलं असतं, तर ते धाकटीला सोपं गेलं असतं. पण ताईने एकदाही विचारलं नाही, की तेव्हा सूर कोण देत होतं.

गाणं बाहेर आलं. टेपवाल्या बाईंनी कष्टाने काम केलं होतं. सूंसूं गेली होती, पण ताईचा श्वास ठेवला होता. कडवं सुरू होण्याआधी ती हवा आत ओढते तेही ऐकू येत होतं. मोठ्या स्पीकरवर ऐकलं असतं तर ताई खोलीत उभी आहे असं वाटलं असतं. पण लोक ऐकत होते फोनच्या टिचभर तोंडातून, बसमध्ये, रस्त्यावर, भांडी घासताना. त्यातून श्वास ऐकू येत नाही. त्यातून ऐकू येतं एवढंच, की गाणं हळू आहे आणि आवाज जड आहे.

ताईचा चष्मा फोनवरच्या बारीक अक्षरांना पुरत नसे, म्हणून धाकटी वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी चार बरे शब्द होते. मग सूर बदलला. एकाने लिहिलं, मशीनवर हळू करून विकतायत. दुसऱ्याने लिहिलं, ही कुणीतरी जाड आवाजाची बाई आहे, आमचं पाखरू नाही. तिसरा म्हणाला, आजकाल कॉम्प्युटर कुणाच्याही आवाजात गातो, मेलेल्यांनाही सोडत नाहीत. त्याच्याखाली बऱ्याच जणांनी हात जोडले होते.

“मेले म्हणतात मला?” ताईने विचारलं.

“त्यांना माहीत नाही.”

“पुढचं वाच.”

महिनाभरात टेपवाल्या बाईंचा फोन आला. आकडे आले नाहीत, त्या म्हणाल्या. जुनं गाणं या एका महिन्यात जितकं वाजलं त्याचा पसाभरही नवीन वाजलं नाही. वरून तक्रारी. साहेबांनी ठरवलंय, पुन्हा रेकॉर्डवालंच वर ठेवायचं, फक्त जरा साफसूफ करून. आणि खऱ्या वेगाचं काढून टाकायचं. बाई रडवेल्या झाल्या होत्या, की ती सर्दीच होती, कोण जाणे.

धाकटीने हे ताईला सांगितलं. या वेळी लपवलं नाही, तेवढं तरी तिला जमलं. ताई खिडकीशी गेली. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं.

“काढायच्या आधी एकदा लिही तू,” ती म्हणाली. “माझं कोण ऐकणार? मी मेलेली. तू साथीला होतीस. तुझं ऐकतील.”

“काय लिहू?”

“खरं ते लिही.”

धाकटीने खुर्ची ओढली आणि एका बोटाने अक्षर अक्षर जुळवत लिहिलं: मी हिची सख्खी धाकटी बहीण. उभी कारकीर्द मी अकॉर्डियनवर साथ केली. हा आवाज तिचाच आहे आणि ही पट्टीही तिचीच. रेकॉर्ड पळवलेली होती. ती आम्हाला सांगायची.

शेवटचं वाक्य तिने खोडलं, मग पुन्हा लिहिलं आणि पाठवून दिलं. ताईने ते तिच्याकडून वाचून घेतलं. “छान लिहिलंस,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

चहा उकळेपर्यंत उत्तर आलं. लिहिणाऱ्याचा फोटो नव्हता, बाई की बाप्या कळायला मार्ग नव्हता. धाकटीने ते मनात वाचलं. कप घेऊन आलेली ताई तिच्याकडे पाहत उभी राहिली.

“आलं का काही?”

नाही म्हणता आलं असतं. ताईला अक्षरं दिसत नव्हती. फोन उलटा करून ठेवला असता तरी भागलं असतं, आणि उद्यापरवा कंपनी ते सगळं पुसणारच होती. धाकटीने एकदा दाराकडे पाहिलं. मग तिने मोठ्याने वाचलं, न गाळता.

“तुम्ही साथीला होतात, म्हणजे सूर तुम्हीच देत होतात. ती सांगायची असंही तुम्हीच लिहिताय. मग खालून का नाही दिलात?”

ताईने दोन्ही कप टेबलावर ठेवले. धाकटीला वाटलं, आता ती म्हणेल, लोकांना काय कळतंय, सोडून दे. आजवर प्रत्येक वेळी तिने तसंच काहीतरी म्हणून धाकटीला सोडवलं होतं. पण ताईने दुसरी खुर्ची ओढली आणि ती अगदी समोर येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सूर मिळण्याची वाट पाहत ती अशीच धाकटीकडे बघायची.

“सांग ना,” ती म्हणाली. “मीही कधी विचारलं नाही तुला.”